‘हार्डली’खाली रेघ नव्हती

इंग्रजी उतारा वाचताना अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि मग शब्दकोश उघडायचा, ही सवय मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने लावली. परवा एका मुलीने सात शब्दांखाली रेघा मारल्या, सगळ्यांचे अर्थ समासात सुवाच्य लिहिले. गोष्ट काय आहे विचारलं तर म्हणाली, “मॅडम, त्याने निबंधासाठी खूप मेहनत घेतली.”

उताऱ्यात होतं, ‘ही हार्डली वर्क्ड ऑन इट’. म्हणजे त्याने निबंधाला जेमतेम हात लावला होता! पण ‘हार्डली’खाली रेघ नव्हती, कारण तिच्या मते तो शब्द तिला येत होता. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, त्याचंच हे एक रूप. पुढचा सगळा उतारा तिने त्या चुकीच्या अर्थावर रचला.

अनोळखी शब्दापाशी मूल निदान थांबतं. ओळखीचा वाटणारा शब्द त्याला थांबूच देत नाही. ‘अ फ्यू फ्रेंड्स केम’ म्हणजे काही मित्र आले, आणि तेवढा ‘अ’ काढला की फारसं कुणी आलंच नाही. ‘पुट’, ‘अप’, ‘विथ’ हे तिन्ही शब्द अगदी सुरुवातीला शिकवलेले, पण एकत्र आले की अर्थ होतो सहन करणं. आपण मात्र शब्दांच्या याद्या पाठ करून घेतो आणि किती झाले ते मोजतो. एकेक शब्द कितपत मुरलाय हे कोण बघतं?

संख्या लागतेच, ते मी नाकारत नाही. इंग्रजी शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेला हिशेब असा, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात. (‘हेल्प’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ मिळून एक कुटुंब.) त्याआधी २००० साली मार्सेला हू आणि नेशन यांनी केलेल्या प्रयोगात ज्यांना ८० टक्केच शब्द माहीत होते, त्यांच्यापैकी एकालाही गोष्ट पुरेशी समजली नव्हती.

८० टक्के म्हणजे दर पाचवा शब्द अनोळखी. अशा मुलाला आपण सर्रास सांगतो, “संदर्भावरून अर्थ लाव.” अहो, संदर्भ उरलाय कुठे? शेजारचे शब्दही तितकेच अंधारात आहेत. त्याच्या हातात सोपं पुस्तक द्यायचं सोडून कठीण उतारे देत राहणं हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो. सोप्या पुस्तकात तोच शब्द दहा वाक्यांत दहा तऱ्हांनी भेटतो, तेव्हा कुठे तो आपला होतो.

त्या मुलीला मी तोच उतारा पुन्हा वाचायला दिला. म्हटलं, या वेळी नक्की येतात असं वाटणाऱ्या शब्दांपाशी थांब, आणि आख्खं वाक्य मला मराठीत सांग. चौथ्या ओळीपाशी ती बराच वेळ गप्प होती. मग पेन्सिल उचलून तिने ‘अनलेस’खाली रेघ मारली. तो शब्द तिने तीन वर्षांपूर्वीच पाठ केला होता.