खोट्या नोटा, खरी अडचण

सप्रेम नमस्कार. आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. पटावरच्या खेळांतून मुलांना पैशाचे व्यवहार शिकवता येतात, या माझ्या म्हणण्यावर आपले दोन आक्षेप आहेत: खेळातल्या नोटा खोट्या असल्याने त्या गमावण्याची झळ मुलांना बसत नाही, आणि मोनोपॉलीसारखा खेळ इतरांना नागवून श्रीमंत व्हायला शिकवतो.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते बचतीपुरते. हवी ती वस्तू मिळेपर्यंत थांबण्याची सवय खाऊच्या पैशांतूनच लागते. तिथे पटाचा उपयोग नाही. मालमत्ता आणि रोकड यांतला फरक मात्र खाऊच्या पैशांतून कळणे कठीण, कारण त्यात गहाण ठेवण्याजोगे काही नसते. मोनोपॉलीत दिसेल ती जागा घेत सुटलेले मूल दुसऱ्याच्या हॉटेलावर येऊन अडकते, तेव्हा त्याच्यापुढे मालकीपत्रांची चवड असते आणि हातात भाड्यापुरत्याही नोटा नसतात. मग २०० ला घेतलेली रेल्वे १०० ला गहाण पडते, तोवर तिचे भाडे बुडते आणि सोडवायची तर १० टक्के व्याजासह ११० मोजावे लागतात. ते मालकीपत्र पालथे घालताना मुलाचा चेहरा आपण जरूर पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन महिलेने १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट मिळवले, ते जमिनीची मक्तेदारी भाडेकरूंना कसे कंगाल करते हे लोकांना दिसावे म्हणून. पार्कर ब्रदर्सने १९३५ मध्ये बाजारात आणलेली मोनोपॉली त्याच खेळातून निघाली आहे. म्हणजे आपल्याला जे खटकते, तोच मूळ खेळाचा विषय होता. (त्यातून लाखो लोक मक्तेदार व्हायलाच शिकले, हा भाग निराळा.) म्हणूनच डाव संपल्यावर पट लगेच आवरू नये. हरलेल्याचा निर्णय कुठे चुकला आणि फाशांनी त्याला किती बुडवले, हे मुलांनाच वेगळे काढायला सांगावे. निव्वळ दानामुळे जिंकलेल्याला हुशार ठरवणे हा हरलेल्यावर अन्याय आहे.

खेळ घरी मांडलात, तर लिलावाचा नियम मात्र गाळू नका. एखाद्याने जागा नाकारली की तिचा तिथल्या तिथे लिलाव व्हावा, असे नियमपुस्तिका सांगते. पुष्कळ जण ते टाळतात आणि छापील किंमत हीच खरी किंमत, असा समज मुलांच्या मनात राहून जातो. लिलावासह एक डाव खेळूनही आपला आक्षेप कायम राहिला, तर अवश्य कळवावे.