खुलासा: ग्रापा बिघडलेल्या वाइनपासून बनत नाही

इटलीतल्या कौटुंबिक वाइनरींमध्ये न विकली गेलेली, बिघडलेली वाइन उकळून ग्रापा ही कडक इटालियन दारू करतात, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. वाइनचं ऊर्ध्वपातन केलं की ब्रँडी मिळते. ग्रापा होते ती द्राक्षांच्या चोथ्यापासून, म्हणजे उरलेल्या साली, बिया आणि गरापासून. रेड वाइनचा चोथा रसासोबतच आंबलेला असतो; व्हाइट वाइनचा आधीच पिळून बाजूला काढतात, त्यामुळे तो वेगळा आंबवावा लागतो. चोथा ओला आणि ताजा लागतो. तो शिळा झाला की ग्रापाला कुबट वास येतो, तेव्हा बिघडलेल्या मालाचा आरोप अगदीच उलटा आहे. शिवाय बऱ्याच वाइनरी स्वतः ऊर्ध्वपातन करतही नाहीत. चोथा डिस्टिलरीकडे पाठवतात.

ग्रापा एकेकाळी गरीब शेतकऱ्यांचं पेय होतं, हे मात्र खरं. ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भागातल्या पेर्कोतो गावच्या नोनीनो कुटुंबाने १९७३ साली फक्त पिकोलित जातीच्या द्राक्षांच्या चोथ्यापासून ग्रापा काढली, आणि तिच्याकडे बघण्याची नजर बदलत गेली. आज ‘ग्रापा’ या नावाला युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे आणि तिच्यात मद्यार्क किमान ३७.५ टक्के असावा लागतो.