कोणी जबरदस्ती केली नव्हती

भाचा चार दिवस माझ्याकडे राहायला आला होता. वय पंधरा. सारखा फोन पालथा घालून ठेवायचा आणि दर दोन मिनिटांनी उचलून बघायचा. तिसऱ्या रात्री आपणहून बोलला. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी वर्गातल्या एका मुलाचा फोटो वेडावाकडा करून टाकला. हशांची रांग लागली. यानेही हसायचा इमोजी टाकला. तो मुलगा त्यानंतर आठवडाभर शाळेत आला नाही.

"मावशी, मला कोणी जबरदस्ती नव्हती केली गं," तो म्हणाला. याचंच त्याला जास्त लागलं होतं.

आपल्या डोक्यातलं चित्र चुकीचं आहे. मित्रांचा दबाव म्हटलं की आपल्याला कोपऱ्यात उभा असलेला, "मार ना एक झुरका, घाबरतोस काय" म्हणणारा टवाळ पोरगा दिसतो. तसे असतातही. पण बहुतेक वेळा कोणी काहीच म्हणत नाही. वीस जण हसलेले असतात आणि एकविसावा गप्प राहिला तर तेवढाच उठून दिसतो. मग "नाही म्हणायला शिक" हा आपला उपदेश ते पोर कुणाला ऐकवणार? विचारलेलंच नसतं कुणी.

आणखी एक लाडका डायलॉग: "तो विहिरीत उडी मारेल, मग तूही मारशील का?" खरं उत्तर द्यायचं तर, शक्यता आहे. 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. गाडी चालवायचा व्हिडिओ गेम होता; पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की पुढे रेटायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. 13 ते 16 वयाच्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतली त्याच्या जवळपास दुप्पट जोखीम मित्र शेजारी असताना घेतली. चोवीस ओलांडलेल्यांना मित्रांच्या असण्याने फरक पडला नाही. म्हणजे घरी शहाण्यासारखं बोलणारं पोर ढोंगी नसतं. एकटं असताना ते खरंच शहाणं असतं.

आणि मोठे फार ताठ कण्याचे असतात अशातलाही भाग नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 मध्ये कॉलेजातल्या तरुणांना फक्त रेघांची लांबी ओळखायला सांगितली होती. खोलीतले बाकीचे अ‍ॅश यांचेच लोक होते, ते आधी ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. दर चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांनी दिसणारं सोडून घोळक्याचं उत्तर दिलं. (सोसायटीच्या मीटिंगमध्ये न पटलेल्या ठरावाला हात वर करणाऱ्यांनी हसू नये. मी केलाय.)

पण याच प्रयोगांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खोलीत दुसरा एकच जण खरं बोलला, की घोळक्यामागे जाणं चौथ्या हिश्शावर यायचं. सगळा ग्रुप बदलावा लागत नाही, एक माणूस पुरतो. म्हणून "असले मित्र सोड" हा सल्ला मला उलटा वाटतो. पंधराव्या वर्षी ग्रुप सोडणं म्हणजे मधल्या सुट्टीत एकट्याने डबा खाणं. ते आपल्याला सोपं वाटतं, कारण आपल्याला खायचा नसतो.

आईबापांना करता येण्यासारखं एक काम आहे: व्हिलन व्हा. "आमची आई रोज फोन तपासते रे, मला नको" असं पोराला खुशाल सांगू दे. तुम्ही तपासत नसलात तरी. आमच्या ताईला हे पटलेलं नाही, तिच्या मते ते खोटं बोलायला शिकवणं आहे. मला वाटतं, घोळक्यातून तोंड वाचवून बाहेर पडायला एक मागचं दार तरी असावं.

भाच्याला मी एवढंच विचारलं, त्या रांगेत कुणाचा इमोजी नव्हता? त्याने फोन सुलटा केला, वर सरकवत शोधलं. एक नाव निघालं. फारसं न बोलणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन त्याच्याशी अर्धा तास बोलत होता. दोघं मिळून त्या तिसऱ्याच्या घरी जाणार होते.

गेले का, ते अजून कळलेलं नाही. ताई म्हणते विचार, मी म्हणते थांब.