बाकी किती, ते नानांनाच विचारावे

लक्ष्मीपूजनाला लाल पुठ्ठ्याची नवी चोपडी आणावी, पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढावे, अक्षता वाहाव्यात आणि त्यानंतर वर्षभर तिला हात लावू नये. आर्थिक वर्ष १ एप्रिललाच सुरू झालेले असते. मग दिवाळीत आणलेल्या वहीत आकडे लिहून तिचे पावित्र्य कशाला घालवायचे?

काही हट्टी मुनीम सांगतील की रोजकीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने उतरतात, खातेवहीत तेच व्यवहार माणसाच्या, मालाच्या किंवा खर्चाच्या नावाखाली एकत्र येतात, आणि ही खतावणी केल्याशिवाय कोणाकडून किती येणे आहे ते कळत नाही. त्यांचे मनावर घेऊ नये. समजा, नाशिकच्या दिंडोरी रोडला आपले खते-औषधांचे दुकान आहे. द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीपासून माल उधारीवर नेतो आणि पैसे बाग खाली झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चात देतो. मधल्या काळात डावणी, भुरी असे वेलीचे रोग येतात, अवकाळी पाऊस येतो आणि दर वेळी रोजकीर्दीत एक ओळ वाढते. त्याची बाकी हवी असेल, तर पाच महिन्यांची पाने उलटून त्या ओळी वेचाव्यात. गिऱ्हाईक समोर चहा पीत बसलेले असते, त्यामुळे घाई नसते.

गंगाघाटावरच्या तीर्थोपाध्यायांचा आदर्श मात्र चुकूनही ठेवू नये. त्यांच्या नामावळीत नोंदी गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात, त्यामुळे यजमानाने गाव-आडनाव सांगितले की पणजोबांच्या हातची नोंदसुद्धा निघते. आपल्याकडे मागच्या मार्चमधले बिल निघत नाही, हेच तर आपले वैशिष्ट्य!

हल्ली टॅली या संगणकावरच्या हिशेबाच्या प्रणालीमध्ये एन्ट्री मारली की खतावणी आपोआप होते. तरीही ते यंत्र एक आगाऊ प्रश्न विचारतेच: खाते कोणते? तेथे डोळे मिटून 'किरकोळ खर्च' निवडावे. डिझेल, हमाली, गाळ्याची रंगरंगोटी आणि मुलाच्या क्लासची फी या सर्वांना तेथे आनंदाने राहता येते. (फी ही मालकाची उचल असते, दुकानाचा खर्च नव्हे, असे मी एकदा एका दुकानात म्हणालो होतो, मला पुन्हा चहा मिळाला नाही.) वर्षअखेर किरकोळ खर्च दुकानभाड्याहून मोठा निघाला, तर भाडे फारच कमी आहे, असे समाधान मानावे.

तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची बेरीज, जुळली नाही, तर फरकाला ९ ने भाग जातो का पाहा, असे जुने लोक सांगतात, कारण ५,४०० च्या जागी ४,५०० उतरले की फरक ९०० चा पडतो. एवढे शोधत बसण्यापेक्षा उचंत खाते उघडावे. ते चूक सापडेपर्यंतच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी असते खरे, पण धर्मशाळेत कायमचे बिऱ्हाड थाटण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. जीएसटी कायद्याने हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितली आहेत. जे लिहिलेच नाही, ते जपायला कपाटही लागत नाही.

खरा आनंद मात्र तेरीज जुळते तेव्हाच मिळतो. पिंपळगाव बसवंतच्या एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती काढावीत: एक 'नाना पिंपळगाव', दुसरे 'बसवंतवाले नाना'. माल पहिल्या खात्यात नावे पडतो, ४६,५०० रुपये. नानांनी दिलेले ३०,००० दुसऱ्या खात्यात जमा होतात. नावे आणि जमा दोन्ही बाजू एका पैशाचाही फरक न पडता जुळतात, कारण रक्कम चुकीच्या खात्यात गेल्याचे तेरजेला कधीच कळत नाही. मग एका नानांना पूर्ण ४६,५०० च्या वसुलीसाठी फोन करावा आणि दुसऱ्या नानांचे ३०,००० आगाऊ आले आहेत म्हणून त्यांना दिवाळीचा मिठाईचा पुडा पाठवावा.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नाना एकाच मोटारसायकलवरून, एकाच टोपीत, पुडा घेऊन दुकानात येतील. अशा वेळी वाद घालू नये. त्यांच्या बंडीच्या खिशात घामाने मऊ झालेली एक छोटी डायरी असते. तिच्या एका पानावर डावीकडे घेतलेला माल, उजवीकडे दिलेले पैसे आणि खाली रेघ ओढून १६,५०० लिहिलेले असते. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढावा, आपल्या मुनिमाला पाठवावा आणि नानांना पुड्यातला एक पेढा द्यावा.