आडरस्त्यांचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लांबच्या सायकलफेरीसाठी हायवेपेक्षा आडरस्ते धरावेत, या माझ्या म्हणण्यावर चिडून का होईना, सविस्तर लिहिलंत ते बरं झालं. तुमचे आक्षेप तीन. हायवेने १२० किलोमीटर होणारं अंतर आडरस्त्यांनी १५० करणं ही निव्वळ हौस आहे. हायवेला निदान कडेची रुंद पट्टी असते. आणि अ‍ॅप मार्ग काढून देत असताना नकाशात डोकं खुपसून बसायचं कशाला?

आधी कडेच्या पट्टीबद्दल. असते तिथे ती मोलाची, वादच नाही. पण अरुंद पुलावर, बोगद्यात, फाट्यापाशी ती बऱ्याचदा गायब होते, म्हणजे हवी तिथेच नसते. म्हणून मी आधी बघतो ते मागून किती गाड्या येऊन ओलांडतील ते. समजा हायवेवर आपल्या दिशेने तासाला ३०० गाड्या जातात, त्यांचा वेग ताशी ८० आणि आपला २०. तासाभरात २२५ गाड्या आपल्याला मागे टाकतील. आडरस्त्यावर तासाला २० गाड्या आणि वेग ५० धरा, तर फक्त १२. त्यातली एखादी फार जवळून जाईल, मान्य. पण आपल्या आणि तिच्या वेगातला फरक ६० ऐवजी ३० असेल, हेही धरा. अंधार पडला की मात्र मी तुमच्या बाजूला येतो. वळणावळणाचा, खड्ड्यांचा अरुंद रस्ता रात्री नको. अंधारातले तास पट्टी असलेल्या मोठ्या रस्त्यावर येतील अशीच आखणी मी करतो.

आता ते वरचे ३० किलोमीटर. सपाटीवर ते दीड तासाचं काम. पण वेळ खातो तो चढ. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन आणि दिवसभर टिकेल असा १५० वॅटचा जोर धरला, तर नुसतं १०० मीटर उंच चढायला जवळजवळ ११ मिनिटं लागतात. हवेचा आणि टायरचा अडथळा यात धरलेलाच नाही. हजार मीटर चढ वाढला की पावणेदोन तासांहून जास्त गेले. उतारावर ते सगळे परत मिळत नाहीत, कारण वेग वाढतो तशी हवा जास्त अडवते आणि वळणांवर ब्रेक दाबावेच लागतात. त्यामुळे नदीकाठाने वळसा घालणारे १५० किलोमीटर दोन डोंगररांगा ओलांडणाऱ्या १२० पेक्षा लवकर संपू शकतात. उलटही होतं, आणि तेव्हा मी मुकाट्याने हायवे धरतो.

चढाचा आकडा अ‍ॅप देतंच की, असं तुम्ही म्हणाल. एकच मार्ग दोन अ‍ॅप्समध्ये टाकून बघा, आकडे क्वचितच जुळतात. बऱ्याच ठिकाणी उंचीची माहिती २००० साली अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीची असते. त्यात जमिनीचे सुमारे ३० किंवा ९० मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच उंची दिलेली असते. डोंगराच्या कुशीतून जाणारा रस्ता अशा चौकोनांत कधी वरच्या कड्याची उंची घेतो, कधी खालच्या दरीची. मग प्रत्यक्षात नसलेले चढ कागदावर तयार होतात. बोगदा तर डोंगरावरून गेल्यासारखा दिसतो. प्रत्येक अ‍ॅप हा गोंधळ आपापल्या पद्धतीने गुळगुळीत करतं, म्हणून मी एकूण बेरजेपेक्षा लांबलचक चढ वेगळे काढून बघतो.

रस्ता डांबरी आहे की खडीचा, याबाबत अ‍ॅप आणखी कच्चं. अशी बरीच अ‍ॅप्स ज्यावर चालतात तो ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ पासून स्वयंसेवक भरत आलेत. कुणी पृष्ठभाग नोंदवला नसेल, तर अ‍ॅप अंदाज बांधतं आणि तो अंदाज आहे हे सांगतही नाही. शंका आली की मी उपग्रहचित्र मोठं करून रस्त्याचा रंग आणि कडा बघतो. झाडी दाट असेल तर तेही निरुपयोगी. हीटमॅपवर, म्हणजे सायकलस्वारांच्या नोंदवलेल्या फेऱ्या एकावर एक दाखवणाऱ्या नकाशावर, ठळक रेषा दिसली म्हणून भुलू नका. तिथे लोक सायकल चालवतात एवढंच त्यातून कळतं. ते रविवारी पहाटे चालवतात, की ट्रक सुरू असताना, हे कळत नाही.

पंक्चरपलीकडचं काही बिघडलं तर आडरस्त्यावर कोण मदत करणार, हा तुमचा जाता जाता मारलेला टोला मला सगळ्यात रास्त वाटला. मी साधारण दर ३०-४० किलोमीटरला मोठ्या रस्त्याकडे निघणारा फाटा आणि पाणी मिळण्याची जागा नकाशावर खूण करून ठेवतो. जिथे असा फाटाच नाही, तो पट्टा सकाळच्या तासांत टाकतो. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, पण थांबलात तरी घड्याळ थांबत नाही.

आणि एक. मार्ग पक्का झाला की जीपीएक्स फाइल (सायकलवरच्या जीपीएस यंत्रात टाकायची मार्गाची फाइल) ‘ट्रॅक’ म्हणून, म्हणजे आखलेली पूर्ण रेषा म्हणून उतरवा, ‘रूट’ म्हणजे मोजक्या बिंदूंची यादी म्हणून नको. रूट असला की बरेच सायकल कॉम्प्युटर दोन बिंदूंमधला रस्ता आपल्या मर्जीने नव्याने शोधतात, आणि तुमचे ते १५० किलोमीटर पहिल्याच फाट्यावर पुन्हा १२० करून टाकतात.