स्पिरिटने रेकॉर्ड पुसू नका: रॉक अँड रोलवरच्या त्या मेसेजला उत्तर

‘रॉक अँड रोलचा सोनेरी जमाना’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतोय. वर एल्विस प्रेस्लीचा फोटो, खाली काही ‘गुपितं’ आणि शेवटी ‘घरात जुन्या रेकॉर्डी असतील तर हे नक्की करा’ असा सल्ला. आमच्या मावशीने तो वाचला आणि आजोबांच्या संग्रहातल्या तबकड्या त्याच दिवशी कापसावर स्पिरिट घेऊन पुसून काढल्या. त्या आता परत मिळणार नाहीत. मेसेज मात्र रोज नव्या ग्रुपवर जातोय, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो. सर्वांत घातक मुद्दा आधी.

दावा: “त्या काळातल्या सगळ्या रेकॉर्डी विनाइलच्या असत. मळल्या असतील तर स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसा, चिवट डागाला खाण्याचा सोडा लावा आणि कडक उन्हात वाळवा.”

यातलं पहिलंच वाक्य चूक आहे आणि पुढचं सगळं नुकसान त्यातूनच होतं. एल्विसची पहिली रेकॉर्ड मेम्फिसच्या सन कंपनीने जुलै १९५४ मध्ये काढली. ती दोन प्रकारांत विकायला होती: मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची आणि ७८ फेऱ्यांची दहा इंची. बिल हेली, चक बेरी, फॅट्स डॉमिनो यांच्याही त्या वर्षांतल्या रेकॉर्डी अशाच दोन्ही प्रकारांत निघत. ७८ ची तबकडी लाखेची. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ती १९५८ च्या सुमारास बंद करायला सुरुवात केली, ब्रिटनमध्ये ती आणखी थोडी टिकली. आपल्याकडे तर ती बरीच पुढे चालली, कारण वीज नसलेल्या गावांत चावीचा ग्रामोफोनच वाजत होता. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर छापली गेली. सी. रामचंद्रांचं १९५७ सालचं ‘ईना मीना डीका’ घरोघरी पोचलं तेही लाखेच्या तबकडीवरच. म्हणजे मराठी घरातल्या कपाटात त्या काळची रेकॉर्ड सापडली, तर ती लाखेची असण्याची शक्यताच जास्त.

आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोणत्याही सुताराला विचारा. लाकडाला फ्रेंच पॉलिश करताना तो चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्येच विरघळत ठेवतो. तबकडीत लाख असते साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास. बाकी स्लेटच्या किंवा चुनखडीच्या दगडाची भुकटी, थोडे कापसाचे तंतू आणि काळा रंग येण्यासाठी काजळी. या सगळ्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे लाख. स्पिरिटचा बोळा फिरला की वरचा थर सुटतो. कापसावर काळं उतरतं ते पाहून माणसाला वाटतं मळ निघाला. प्रत्यक्षात आवाज कोरलेल्या खाचेची भिंतच निघून आलेली असते. पृष्ठभाग आधी चिकट होतो, मग वाळून राखाडी आणि खरखरीत पडतो. वाजवलं की गाण्याऐवजी सतत खरखर. सॅनिटायझर स्पिरिटपेक्षा सौम्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात त्यात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे इयासाची, टीसी-०४ नावाची मार्गदर्शिका आहे. दुसरी आवृत्ती २००९ ची, इंटरनेटवर फुकट वाचता येते. जगभरातली संग्रहालयं तीच प्रमाण मानतात. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लागू देऊ नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय. या एका मुद्द्यावर मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

खाण्याचा सोडाही नको. लाख अल्कलीतही सुटते, म्हणून सोडा, कपडे धुण्याची पावडर, अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे, सगळंच बाद. उन्हाचंही तेच. काळी तबकडी उन्हात झपाट्याने तापते, लाख मऊ पडते आणि तबकडी वाकते. विनाइलही वाकतं.

अर्धं खरं एवढंच की विनाइलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. विनाइल त्यात विरघळत नाही आणि बाजारातल्या काही क्लीनिंग लिक्विडमध्ये ते थोड्या प्रमाणात असतं. पण मेसेज लिहिणाऱ्याने विनाइल आणि लाख यांतला फरक सांगितलाच नाही, त्यामुळे या अर्ध्या सत्याचा वाचणाऱ्याला काही उपयोग नाही.

फरक ओळखणं अवघड नाही. लाखेची तबकडी जाड आणि हातात जड लागते, कडेला नखाने टिचकी मारली तर टणक आवाज येतो. विनाइलचा आवाज बद्द येतो. लेबलवर ७८ किंवा स्पीड ७८ असेल तर लाखच समजा. वाकवून बघू नका, लाख वाकत नाही, तुटते. तिसराही एक प्रकार आहे: मधल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर दिलेली, एकेक प्रत कापलेली खासगी रेकॉर्ड. भोकाच्या कडेला धातू दिसतो. तिला स्पिरिटही लावू नका आणि घरी ओलंही करू नका.

लाखेची तबकडी धुवायची रीत अशी. आधी तडा आहे का ते तिरप्या उजेडात पाहा. तडा असेल तर पाणी नको, फक्त कोरडा मऊ ब्रश. बुरशी असेल, आणि कोकणातल्या घरांत ती असतेच, तर मास्क लावून घराबाहेर ब्रश करा. मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब. पाणी खोलीच्या तापमानाचं, गरम नाही. लेबल कोरडं ठेवायचं, कागद आणि शाई दोन्ही सुटतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मधून बाहेर आडवा नाही. नंतर साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण पूर्ण काढायचा आणि लगेच मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यायचं. ‘लगेच’ला महत्त्व आहे: आतले तंतू आणि भुकटी पाणी शोषून फुगतात. भिजत घातलेली तबकडी वाया जाते. पंख्याखाली सावलीत उभी करून पूर्ण वाळू द्या आणि जुन्या बुरशीच्या पाकिटात परत न घालता नव्या कागदी पाकिटात ठेवा. ठेवायचीही उभीच. आडव्या चळतीत खालच्या तबकड्या तडकतात.

स्पिरिट आधीच लावून झालं असेल तर पुन्हा पुसून ‘सारखं’ करायला जाऊ नका. हात न लावता पूर्ण कडक होऊ द्या, तोवर पाकिटात घालू नका, कागद चिकटेल. गेलेला थर परत येत नाही. पण वेगवेगळ्या जाडीच्या सुया वापरून खाचेच्या भिंतीचा कमी बिघडलेला भाग वाचता येतो, म्हणून डिजिटायझेशन करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय टाकून देऊ नका.

दावा: “कोणत्याही रेकॉर्ड प्लेअरवर कोणतीही रेकॉर्ड वाजते, फक्त स्पीड बदला.”

नाही वाजत. ७८ च्या खाचेला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७६ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. सध्या मिळणाऱ्या सुटकेससारख्या प्लेअरमध्ये बहुतेक ०.७ मिलची, १८ मायक्रॉनची सुई असते. ती रुंद खाचेत भिंतींना टेकत नाही, थेट तळाला जाऊन कचऱ्यातून घासत जाते. म्हणून ७८ चं बटण असूनही आवाज घाणेरडा येतो आणि दोष मात्र रेकॉर्डला दिला जातो. जुन्या रेडिओग्राममध्ये उलटवता येणारी सुई असे, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी, म्हणजे जास्त गाण्यांची मोठी विनाइल रेकॉर्ड. ती सोय उगाच नव्हती. १९५० च्या दशकातल्या ४५ मोनो असत आणि १ मिलच्या सुईसाठी कापलेल्या असत. आजच्या सुईवर त्या वाजतात, पण मोनोची १ मिलची मिळाली तर खरखर बरीच कमी होते.

याच्या उलट चूक जास्त महाग पडते. चावीच्या ग्रामोफोनवर ४५ किंवा एलपी कधीही लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचा (पिन धरणाऱ्या गोल डबीचा) भार १०० ग्रॅमच्याही वर असतो, आजच्या चांगल्या आर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, दीड-दोन ग्रॅम. विनाइलची खाच एकदाच वाजवून संपते. लाखेच्या तबकडीलाही स्टीलची पिन प्रत्येक बाजूला नवीन लावायची. तबकडीतली दगडाची भुकटी पिनला खाचेच्या आकारात घासते. दुसऱ्या बाजूला तीच पिन चालवली की तिच्या घासलेल्या कडा छिन्नीचं काम करतात. १९५५ नंतरच्या ७८ हलक्या पिकअपसाठी (सुईवरून आवाज उचलणाऱ्या भागासाठी), मोठ्या आवाजात कापलेल्या आहेत. त्या चावीच्या यंत्रावर न लावलेल्याच बऱ्या.

दावा: “सुई उडत असेल तर आर्मवर रुपया ठेवा, तेव्हा सगळे असंच करत.”

करत होते, हे खरं. त्या वेळच्या सिरॅमिक किंवा क्रिस्टल पिकअपचा भारच आठ-दहा ग्रॅम असे. आज दोन ग्रॅमच्या आर्मवर रुपयाचं नाणं ठेवलं तर भार जवळपास तिप्पट होतो. सुई उडते ती धुळीने, चरा पडल्याने, झिजलेल्या टोकाने किंवा प्लेअर सपाट नसल्याने. आधी ते तपासा. त्यातून अमेरिकन ४५ बऱ्याचदा विनाइलच्याही नसत, पॉलिस्टायरीनच्या असत. त्या तर बोथट सुईने काही वेळा वाजवल्या की कायमच्या फुसफुसतात.

दावा: “४५ चं मोठं भोक ज्यूकबॉक्ससाठी बनवलं.”

आरसीए व्हिक्टरने मार्च १९४९ मध्ये ४५ आणली ती स्वतःच्या घरगुती चेंजरसकट, म्हणजे रेकॉर्डी आपोआप बदलणाऱ्या प्लेअरसकट. ३८ मिलिमीटरच्या भोकात बसणाऱ्या मधल्या जाड दांड्याच्या, स्पिंडलच्या, पोटातच रेकॉर्डी एकेक खाली सोडायची यंत्रणा होती. ४५ वाजवणारा सीबर्ग कंपनीचा १०० गाण्यांचा ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायचं यंत्र) १९५० मध्ये आला. पुढे ज्यूकबॉक्सला ते भोक सोयीचं ठरलं, एवढं मान्य. ब्रिटनमध्ये मधला भाग दाबून काढता येईल अशी ४५ निघे, आपल्याकडच्या ईपींना (सात इंची छोट्या रेकॉर्डींना) बहुधा छोटंच भोक असतं. मोठ्या भोकाची रेकॉर्ड लावताना अ‍ॅडॉप्टर नीट बसवा. रेकॉर्ड जराशी सरकली तरी सूर डोलायला लागतो.

दावा: “एल्विसला टीव्हीवर कायम कमरेच्या वरच दाखवत.”

कायम नाही. एड सुलिव्हानच्या कार्यक्रमात तो तीनदा आला: ९ सप्टेंबर १९५६, २८ ऑक्टोबर १९५६ आणि ६ जानेवारी १९५७. कॅमेरा कमरेच्या वर ठेवला तो तिसऱ्या वेळी. मिल्टन बर्लच्या कार्यक्रमात जून १९५६ मध्ये तो कंबर हलवत नाचताना पूर्ण दिसला होता आणि आरडाओरड झाली ती त्यावरूनच.

दावा: “बिल हेलीने १९५५ मध्ये रॉक अँड रोल सुरू केलं.”

त्याचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणं रेकॉर्ड झालं १२ एप्रिल १९५४ ला, न्यूयॉर्कमध्ये. १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या सिनेमामुळे ते गाजलं. फॅट्स डॉमिनो, बिग जो टर्नर, जॅकी ब्रेन्स्टन हे काळे गायक-वादक त्याच्या आधीपासून हेच वाजवत होते. त्यांची नावं मेसेजमध्ये कुठेच नाहीत, याचा मला खरोखर राग आहे.

दावा: “घरातली प्रत्येक जुनी रेकॉर्ड लाखोंची आहे.”

एल्विसने १९५३ मध्ये स्वतःच्या पैशाने कापून घेतलेली एकुलती एक तबकडी २०१५ च्या लिलावात ३ लाख डॉलरना गेली. तिची दुसरी प्रत नाही, म्हणून. हजारोंनी छापलेल्या रेकॉर्डीला तो भाव येत नाही. किंमत ठरते ती प्रत किती दुर्मिळ आहे आणि खाचा किती शाबूत आहेत यावर. म्हणून विकायची असेल तर आधी पुसू नका. लेबलचा सरळ फोटो काढा. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर तिरप्या उजेडात वाचून लिहून घ्या. पृष्ठभागाचा एक फोटो बाजूने पडणाऱ्या उजेडात घ्या. एवढ्यावरून घेणारा भाव सांगतो.