तोडा, पण आधी काडी तरी घेऊ द्या

ऑफिसातून घरी आले तर शेजारचं मेपल नाही. चार बोटं उंच बुंधा आणि शेजारी भुश्याचा ढीग.

न्यू जर्सीत या घरात आलो तेव्हापासून बघतेय ते झाड. जपानी मेपल, सगळ्या फांद्या खाली झुकलेल्या, पानं शेपूच्या पाल्यासारखी चिरलेली. उंची माझ्या खांद्याएवढी, घेर मात्र मोटारीएवढा. शेजारच्या आजोबांनी एकदा मला त्या फांद्यांखाली वाकून आत यायला लावलं. बुंध्याला तारेनं बांधलेली ॲल्युमिनियमची पट्टी होती. तार सालीत रुतलेली, नावाचा पहिला अर्धा भाग झाडानं गिळलेला. बाहेर उरलं होतं फक्त ‘शिदारे’. जपानीत शिदारे म्हणजे खाली झुकणारं. पण कुठलं शिदारे? झाड त्यांच्या दिवंगत बायकोनं लावलेलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. नर्सरीत फोटो दाखवले, तिथेही कुणाला ओळखता आलं नाही. आजोबा म्हणाले, “फेब्रुवारीत ये, कलमाला काडी देतो.”

हापूसची कोय पेरून हापूस येत नाही, हे आपल्यात कुणाला सांगायला नको. मेपलचंही तेच. बी पेरलं की भलतंच झाड येतं, जात टिकवायची तर कलमच बांधायला हवं. शेवटचं झाड गेलं की जात गेली. एदोजवळच्या, म्हणजे जुन्या टोकियोजवळच्या, सोमेई गावच्या इतो घराण्यातल्या माळ्यानं १७१० साली मेपलच्या जाती पुस्तकात नोंदवून ठेवल्या. जुन्या जातींपैकी कित्येक आता नावापुरत्याच उरल्यात. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये मेपल सरपणाला गेले, रोपवाटिकांच्या जागी भाजीपाला लागला. पोटाला नसेल तर माणूस झाड तोडणारच. इथे कुणाच्या पोटाला कमी होतं? घराच्या नव्या मालकांना ड्राइव्हवे रुंद करायचा होता!

त्यांची जागा, त्यांचा हक्क, मान्य. पण करवत लावण्याआधी आमची बेल वाजवायला किती वेळ लागला असता?

आणि त्यांना तरी काय माहीत म्हणा. मी कधी गेले होते सांगायला? आजोबांनी सांगितलेला फेब्रुवारी आला, मी गेले नाही. बर्फ होता, ऑफिस होतं, मुलाची परीक्षा होती. त्याच्या पुढचा फेब्रुवारीही तसाच गेला. मग आजोबांचा मुलगा त्यांना घेऊन गेला आणि घर विकलं. देवगडला माझे आजोबा म्हातारं कलम तोडायच्या आधी त्याची काडी रायवळच्या दोन रोपांवर बांधून घ्यायचे. ती जगली की मगच कुऱ्हाड. मी हे डोळ्यांनी बघत मोठी झालेय.

ढिगात पट्टी शोधली, मिळाली नाही. सात काड्या मात्र त्यातल्या त्यात हिरव्या निघाल्या. पानं देठाशी छाटून, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्यात. मेपलचं कलम ऑगस्टमध्येही बांधतात. एडिसन, प्रिन्स्टनच्या आसपास कुणाकडे साध्या हिरव्या जपानी मेपलचं पेन्सिलीएवढं जाड रोप कुंडीत असेल, तर आज रात्री कितीही वाजता फोन करा. मी न्यायला येते.